‘छोट्या युद्धा’चा हिशेब कुठे चुकतो

२८ जुलै १९१४, मंगळवार. सर्बियाच्या सरकारने राजधानी बेलग्रेड सोडून दक्षिणेला निश शहरात मुक्काम हलवला होता. तिथे दुपारी व्हिएन्नाहून एक तार आली. मजकूर फ्रेंच भाषेत आणि अगदी थोडका: आजपासून ऑस्ट्रिया-हंगेरीचं सर्बियाशी युद्ध सुरू झालं आहे. एका बाजूला सुमारे पाच कोटी लोकवस्तीचं जुनं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला जेमतेम ४५ लाखांचा शेजारी. बरोबर एका आठवड्यानंतर, ४ ऑगस्टच्या रात्री, रशिया, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम आणि ब्रिटन असे सगळे युद्धात होते. महिनाअखेरीला जपानही उतरला होता.

शाळेत आपण हे कारण-परिणाम म्हणून पाठ केलं. सारायेवोला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, म्हणून पहिलं महायुद्ध झालं. परीक्षेपुरतं ते चालतं. पण खुनानंतर महिनाभर कुठेही युद्ध नव्हतं, आणि त्या महिन्यात ते टाळायच्या कितीतरी संधी येऊन गेल्या. शिवाय व्हिएन्नाला महायुद्ध हवंच नव्हतं. त्यांना हवं होतं एक छोटं, झटपट युद्ध: सर्बियाला ठोकायचं, तह लादायचा आणि घरी परतायचं. बलाढ्य देश दुबळ्या शेजाऱ्यावर चालून जातो तेव्हा बहुतेकदा त्याच्या मनात हेच असतं. ‘हे आमच्या दोघांतलं आहे, तिसरा मध्ये पडणार नाही’ हा त्याचा हिशेब असतो. मोठं युद्ध जन्माला येतं ते या हिशेबातूनच. तो हिशेब शहाण्यासुरत्या माणसांनी कसा मांडला, हे नीट पाहण्यासारखं आहे.

धाकटा शेजारी इतका का खुपत होता

ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य अनेक भाषांच्या लोकांचं होतं. जर्मन आणि मॅग्यार (म्हणजे हंगेरियन) वरचढ. त्यांच्या हाताखाली चेक, पोलिश, रुमानियन, क्रोएट, सर्ब आणि इतर कितीतरी. सर्बियातल्या राष्ट्रवाद्यांना सगळे सर्ब, जमलंच तर सगळे दक्षिण स्लाव, एका झेंड्याखाली आणायचे होते. म्हणजे सर्बियाचं स्वप्न खरं झालं असतं तर साम्राज्याचा दक्षिणेकडचा मोठा तुकडा तुटला असता. आणि एक तुकडा तुटला की बाकीचे थांबतील कशाला? व्हिएन्नाची भीती सर्बियाच्या फौजेची नव्हती, सर्बियाच्या उदाहरणाची होती.

१९०३ पर्यंत बेलग्रेडचा राजा व्हिएन्नाच्या मर्जीतला होता. त्या वर्षी सर्बियाच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला राणीसह राजवाड्यात ठार केलं आणि नव्या राजवटीने रशियाकडे तोंड वळवलं. १९०६ मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियाच्या डुकरांची आयात बंद करून त्याला वाकवायचा प्रयत्न केला. सर्बियाने दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या. १९१२-१३ च्या दोन बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. ज्याला दाबायचं, तो दर खेपेला थोडा मोठा होऊनच पुढे येत होता.

सर्बिया निष्पाप होता असंही कुणी समजू नये. युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा बोस्नियन सर्ब होता, पण त्याच्या टोळीला पिस्तुलं आणि बॉम्ब मिळाले ते सर्बियातून. सर्बियाच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख द्रागुतिन दिमित्रियेविच, ज्याला सगळे ‘आपिस’ म्हणत, तो त्यामागे होता. १९०३ च्या राजहत्येच्या कटातही तोच होता. सर्बियाच्या पंतप्रधानांचं आणि त्याचं पटत नव्हतं. एका दुबळ्या सरकारला आपलाच गुप्तहेरप्रमुख आवरत नव्हता, आणि त्याची किंमत सगळ्या देशाने मोजली.

एकाच घटनेचे दोन धडे

माझ्या मते १९१४ चं खरं मूळ आधीच्या दोन प्रसंगांत आहे, आणि त्यांची चर्चा फार कमी होते.

पहिला प्रसंग १९०८ चा. ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोव्हिना आपल्या साम्राज्यात सामील करून टाकलं. तो प्रांत १८७८ पासून त्यांच्या ताब्यात होताच, पण कागदोपत्री तुर्कांचा होता. सर्बिया खवळला. रशियाही खवळला, पण १९०४-०५ मध्ये जपानकडून मार खाऊन त्याचं लष्कर अजून सावरलं नव्हतं. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने रशियाला सरळ विचारलं: हे सामिलीकरण मान्य आहे की नाही, हो किंवा नाही सांगा. रशियाने मान खाली घातली. सर्बियालाही घालावी लागली.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९१३ चा. सर्बियाचं सैन्य अल्बानियात शिरलं होतं. ऑस्ट्रियाने आठ दिवसांचा निर्वाणीचा खलिता धाडला. रशियाने सर्बियाला माघार घ्यायचा सल्ला दिला आणि सर्बियाने ती घेतली.

दोन्ही वेळा युद्ध टळलं. वर्तमानपत्रांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. पण व्हिएन्नाने यातून काय शिकलं? मूठ उगारली की सर्बिया मागे सरतो आणि रशिया गप्प बसतो. बर्लिनने काय शिकलं? आपण ऑस्ट्रियाच्या पाठीशी ठाम उभे राहिलो की रशिया नमतो. आणि रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्गने काय शिकलं? दोनदा नमलो, आता तिसऱ्यांदा नमलो तर बाल्कनमध्ये आपला शब्द कुणी विचारणार नाही. तोच भूतकाळ, पण एकाने त्यातून ‘ते येणार नाहीत’ असा निष्कर्ष काढला आणि दुसऱ्याने ‘या वेळी जायलाच हवं’ असा. कागदावरची युती, तोफांची संख्या, करारांची कलमं या सगळ्यांपेक्षा ही तफावत जास्त घातक ठरली, कारण ती कुणालाच बाहेरून दिसत नव्हती.

हातचा गेलेला महिना

२८ जूनला खून झाला. त्यात एक क्रूर योगायोग असा की फ्रान्झ फर्डिनांड स्वतः सर्बियाशी युद्ध करायच्या विरोधात होता. सेनाप्रमुख कॉनराड फॉन हॉट्झेनडॉर्फ वर्षानुवर्षं ‘सर्बियाला चिरडू या’ म्हणून मागे लागला होता, आणि त्याला लगाम घालणाऱ्यांत युवराज मुख्य होता. तोच गेला.

खुनानंतर आठवड्याभरात ऑस्ट्रियाने चाल केली असती, तर कदाचित युरोपने डोळेझाक केली असती. राजघराण्यातल्या खुनाबद्दल सगळीकडे हळहळ होती. रशियाचा झारही राजाच होता. पण साम्राज्याची यंत्रं संथ. हंगेरीचे पंतप्रधान तिसा सुरुवातीला तयार नव्हते. सैनिक शेतातल्या सुगीसाठी रजेवर गेलेले. त्यातच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै रशियाच्या भेटीवर होते. ते तिथे असताना खलिता दिला तर रशिया आणि फ्रान्स समोरासमोर बसून उत्तर ठरवतील, म्हणून त्यांची बोट निघेपर्यंत थांबायचं ठरलं.

दरम्यान ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिला: तुम्हाला जे करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. तो देऊन कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, विल्हेल्म नॉर्वेच्या सागरसफरीला निघून गेला. बलाढ्य पाठीराख्याने अशी अमर्याद हमी दिली की हल्ला करणाऱ्याला जपून वागायचं कारणच उरत नाही. जर्मनीने नुसतं ‘इथपर्यंत, याच्यापुढे नाही’ असं म्हटलं असतं, तरी व्हिएन्नाचा पाय अडखळला असता असं मला मनापासून वाटतं.

२३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता खलिता बेलग्रेडला पोचला. दहा मागण्या, ४८ तासांची मुदत. तो मान्य होऊ नये याच बेताने लिहिलेला होता. २५ तारखेला मुदत संपायला काही मिनिटं असताना पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. बहुतेक मागण्या पूर्ण किंवा काही अटींवर कबूल होत्या. ठाम नकार होता सहाव्या मागणीला: सर्बियाच्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेणार ही. ती मानणं म्हणजे सार्वभौमत्व सोडणं. सावधगिरी म्हणून सर्बियाने त्याच दुपारी सैन्य जमवायचा हुकूमही दिला होता. ऑस्ट्रियाच्या वकिलाने उत्तरावर नजर टाकली, संबंध तोडल्याचं पत्र दिलं आणि साडेसहाची गाडी पकडली.

सफरीवरून परतलेल्या कैसरने २८ तारखेला सर्बियाचं उत्तर वाचलं, तेव्हा त्याचं मत पडलं की आता युद्धाला काही कारणच उरलं नाही. ऑस्ट्रियाने बेलग्रेड तेवढं तारण म्हणून ताब्यात घ्यावं आणि बोलणी करावीत, असं त्याने सुचवलं. पण त्याच दिवशी व्हिएन्नाने तार धाडून दिली होती. आणि घाई कसली, तर सैन्य १२ ऑगस्टच्या आत हल्ल्याला तयार होणार नाही असं कॉनराडने सांगितलेलं होतं! दोन आठवडे आधी युद्ध जाहीर करण्यामागे हेतू एवढाच की मध्यस्थांना वाव राहू नये. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे चार देशांची बैठक बोलवू पाहत होते. ती बैठक झाली असती तर ‘छोटं युद्ध’ हातचं जाणार होतं.

गाड्यांचं वेळापत्रक

इथून पुढे राजकारणाची जागा रेल्वेने घेतली. हा भाग किचकट आहे, पण समजून घेतल्याशिवाय त्या आठवड्याचा वेग कळत नाही.

त्या काळी युरोपातल्या मोठ्या सेना म्हणजे बहुतांशी राखीव सैनिक. शांततेत ते शेतकरी, कामगार, कारकून. युद्ध आलं की लाखो माणसांना घरून बोलवायचं, हत्यारं द्यायची, घोडे-तोफा-दाणागोटा यांसह गाड्यांत चढवायचं आणि सरहद्दीवर उतरवायचं. या जमवाजमवीला दिवस किंवा आठवडे लागत, आणि प्रत्येक गाडीची वेळ वर्षानुवर्षं बसून आखलेली असे. सकाळच्या ऐन गर्दीत सगळ्या विरार लोकल अचानक कर्जतला वळवायच्या म्हटलं तर काय होईल, याची कल्पना मुंबईकराला सहज येईल. इथे प्रश्न हजारो गाड्यांचा होता. म्हणून जो आधी सुरुवात करील त्याला आघाडी, आणि जो थांबेल तो धोक्यात, अशी सगळ्यांची समजूत होती.

रशियाला फक्त ऑस्ट्रियाला धाक दाखवायचा होता. पण केवळ ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपुरती जमवाजमव करायची नीट योजनाच त्यांच्याकडे नव्हती. अर्धवट केली तर पुढे पूर्ण करताना गोंधळ उडेल, असं सेनापतींनी सांगितलं. २९ जुलैला झार निकोलसने पूर्ण जमवाजमवीला मान्यता दिली, रात्री कैसरची तार वाचून ती मागे घेतली, आणि ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव यांच्या आग्रहापुढे पुन्हा दिली. झार आणि कैसर नात्यातले. दोघं एकमेकांना ‘निकी’ आणि ‘विली’ अशा सह्यांनी तारा पाठवत होते, युद्ध थांबव म्हणून विनवत होते, आणि त्याच वेळी दोघांच्या छावण्यांत घोडे गाड्यांत चढवायची तयारी चालू होती.

जर्मनीची अडचण याहून वाईट. पूर्वेला रशिया, पश्चिमेला त्याचा मित्र फ्रान्स. रशियाला सैन्य जमवायला साधारण सहा आठवडे लागतील, तेवढ्यात फ्रान्सला हरवायचं आणि मग सगळं बळ पूर्वेला वळवायचं, हा जर्मन सेनापतींचा बेत. म्हणजे रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीचं घड्याळ सुरू. आणि बाल्कनमधल्या तंट्यासाठी पहिला हल्ला करायचा कुणावर, तर फ्रान्सवर! १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून आलेल्या एका तारेमुळे कैसरला वाटलं की फ्रान्स तटस्थ राहू शकेल. त्याने सेनाप्रमुख मोल्ट्केला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्ट्के हादरला. ते शक्य नाही, म्हणाला. लाखो माणसांची हालचाल अशी आयत्या वेळी बदलता येत नाही. फक्त पूर्वेकडे लढायची जी पर्यायी योजना होती, ती अद्ययावत ठेवायचं काम १९१३ मध्येच थांबवलेलं होतं. थोड्या तासांत लंडनची ती आशा फोल ठरली.

मला ही सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते. लाखो लोकांचं मरण ठरत होतं आणि सम्राटालाही दुसरा रस्ता उपलब्ध नव्हता, कारण दुसरा रस्ता कागदावर आखून ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

दुसरा धाकटा शेजारी

फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले होते, म्हणून जर्मन योजना बेल्जियममधून जाण्याची होती. बेल्जियमचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. १८३९ च्या लंडन कराराने युरोपातल्या पाच सत्तांनी त्याच्या तटस्थतेची हमी घेतलेली होती, आणि त्या पाचांत प्रशिया, म्हणजे जर्मनीचाच पूर्वावतार, हाही होता. २ ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मनीने वाट मागितली, १२ तास दिले. राजा आल्बर्टच्या सरकारने नकार दिला. ४ तारखेला सकाळी जर्मन फौजा आत शिरल्या आणि त्या रात्री ब्रिटनने युद्ध पुकारलं.

ब्रिटनला केवळ बेल्जियमची कळकळ नव्हती; समुद्रापलीकडचा किनारा एका बलाढ्य सत्तेच्या हाती जाणं त्याला परवडणारं नव्हतं. पण सर्बियासाठी लढायला ब्रिटिश मंत्रिमंडळ तयार झालं नसतं, बेल्जियममुळे तयार झालं. जर्मन चान्सेलर बेथमान-होलवेग यांनी ब्रिटिश राजदूतापाशी त्या कराराचा ‘कागदाचा कपटा’ म्हणून उल्लेख केला. ब्रिटन अलिप्त राहील अशी त्यांची शेवटपर्यंत आशा होती, आणि ग्रे यांनीही जुलैअखेरपर्यंत स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. हमी देणारा मोघम बोलला की हल्लेखोर त्यातून आपल्याला हवा तोच अर्थ काढतो.

आणि मूळ युद्धाचं काय झालं? १२ ऑगस्टला ऑस्ट्रियाच्या फौजा द्रीना नदी ओलांडून सर्बियात शिरल्या. नेतृत्व ओस्कार पोतिओरेककडे होतं. हा बोस्नियाचा राज्यपाल, खुनाच्या वेळी युवराजाच्याच मोटारीत बसलेला. चेर डोंगराच्या लढाईत सर्बांनी त्यांना मागे रेटलं. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाने बेलग्रेड घेतलं, तेही दोन आठवड्यांत गमावलं. कॉनराडने आपली राखीव फौज आधी सर्बियाकडे आणि मग घाईने रशियाच्या आघाडीकडे पाठवली, त्यामुळे ती दोन्हीकडे पुरी पडली नाही. झटपट विजय मिळालाच नाही. युद्ध संपलं तेव्हा लोकसंख्येच्या मानाने सर्वांत भयंकर हानी झालेल्या देशांत सर्बिया होता, आणि ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचा देशच नकाशावर राहिला नव्हता.

द्रीनेपासून तैग्रिसपर्यंत

आपल्याकडे हे युद्ध कसं पोचलं? ब्रिटनने युद्ध पुकारलं की हिंदुस्थान आपोआप युद्धात. इथल्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबरअखेर तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला. इराणच्या आखातात आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता, आणि ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं. त्या तेलाच्या रक्षणासाठी मुंबईहून आधीच निघालेली फौज ६ नोव्हेंबरला आजच्या इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली. ती होती ६ वी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

बसरा मिळालं, मग अजून वर, मग बगदादची हाव. इथेही तोच ‘सहज जमेल’वाला हिशेब. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनला फौजेचा दम संपला आणि ती तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाराला मागे फिरली. तुर्कांनी जवळजवळ पाच महिने वेढा दिला. धान्य संपलं, घोडे कापले गेले. धर्माच्या बंधनामुळे बरेच हिंदी शिपाई कितीतरी दिवस ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले, आणि पुढे कैदेत हजारो मेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. व्हिएन्नाच्या हिशेबात अपशिंगे कुठेच नव्हतं.

प्रत्येक वेळी वणवा पेटतो का?

नाही. ३ ऑक्टोबर १९३५ ला मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) निर्बंध घातले, पण तेल वगळून. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. तिसरा कुणी लढायला उतरला नाही. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं, सम्राट हाइले सेलासी परागंदा झाला. युद्ध पसरलं नाही, एवढंच पाहिलं तर हे यश म्हणावं लागेल.

पण ज्यांना त्यातून शिकायचं होतं ते शिकत होते. मार्च १९३६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्स इथिओपियाच्या पेचात गुंतलेले असताना, हिटलरने करार मोडून ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या पश्चिमेकडच्या सैन्यबंदी असलेल्या पट्ट्यात, सैन्य घातलं. मग ऑस्ट्रिया, मग चेकोस्लोव्हाकिया. ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडला हमी दिली, तेव्हा हिटलरला ती खरी वाटेना, कारण १९३८ मध्ये म्युनिकला, चेकोस्लोव्हाकियाच्या वाटाघाटीत, हीच माणसं नमलेली त्याने पाहिली होती. १ सप्टेंबरला तो पोलंडवर चालून गेला आणि ३ सप्टेंबरला ब्रिटन व फ्रान्स युद्धात उतरले. १९०९ आणि १९१३ ची माघार पाहून व्हिएन्नाने जे गृहीत धरलं, तेच बर्लिनने म्युनिक पाहून धरलं. आणि रशियाप्रमाणेच ब्रिटननेही मनाशी ठरवलेलं होतं की आता पुन्हा नमायचं नाही.